सासूबाईंची सवत आजारी पडते

४ जून

ही म्हणाली, "बोलायचं नसेल तर नको बोलूस, पण निदान लिही. सारखा भिंतीकडे बघत बसतोस, भिंतीलासुद्धा कंटाळा आला असेल." म्हणून लिहायला बसलोय.

लिहिण्यासारखं एवढंच. झाडांना होणारे विषाणू हा माझा धंदा. तीन वर्षं एका विषाणूच्या एका प्रथिनामागे हात धुऊन लागलो होतो. गेल्या महिन्यात दुसऱ्याच एका प्रयोगशाळेने तेच काम, आणि माझ्यापेक्षा चांगलं, छापून टाकलं. कुणी चोरलं नाही, कुणी फसवलं नाही. त्यांचं आधी झालं, माझं राहिलं. आमच्या विभागप्रमुख मॅडम भल्या आहेत. म्हणाल्या, "काही महिने खरेदी समितीचं बघा, डोकं शांत होईल." मी हो म्हणालो. हो म्हणताना काहीच वाटलं नाही, आणि त्याचंच नंतर वाईट वाटलं.

७ जून

सासूबाई राहायला येणार आहेत. बायको दातांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांचा आ वासून ठेवून त्यांना प्रश्न विचारायची सवय, त्यामुळे उत्तराची वाट बघत नाही. "बाबांना जाऊन वर्ष झालं. आईला तिकडे एकटीला करमत नाही. मी दवाखान्यात अडकलेली असते, तू लवकर येतोस. तेवढं तिच्याशी बोलत जा."

म्हणजे आता सासूबाईंचं मन मी रमवायचं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. पण एकटं माणूस, नाही कसं म्हणणार?

११ जून

आल्या. टॅक्सीत मागे दोन बॅगा आणि सासूबाई, पुढे ड्रायव्हरशेजारी एक भलीमोठी कुंडी, पट्टा बांधून बसवलेली.

"ही कोण?" मी विचारलं.

"माझी सवत," सासूबाई म्हणाल्या. "धरा नीट, कंबर मोडेल तिची."

डेलिया आहे. सासरे जमिनीचे नकाशे काढायच्या नोकरीत होते, आणि उरलेला सगळा वेळ गच्चीवर डेलियांच्या स्वाधीन. या फुलाचे पराग त्या फुलावर असे वर्षानुवर्षं उद्योग करून त्यांनी ही एक तयार केली: गडद लाल, आणि प्रत्येक पाकळीचं टोक दुधात बुडवून काढल्यासारखं पांढरं. असं फूल दुसरीकडे कुठे नाही, असं ही सांगते. ते गेल्यावर बाकीचे कंद कुजले. राहिली ती एवढी एक कुंडी.

"तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली मी," सासूबाई म्हणाल्या. "गावाचे सगळे नंबर पाठ होते. पण आमच्या ह्यांना घरात हाक मारली तर ओ यायची नाही, ही हिरवी बाई जवळ असली की. आता मीच तिला पाणी घालते. काय करणार, पदरात पडलीय."

गॅलरीत ऊन येतं त्या कोपऱ्यात ठेवली.

२० जून

सासूबाई दुपारी फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "आज दोनदा वाढून घेतलं. झोपही बरी लागलेली दिसते." मी आलेला पाहून बोलणं आवरतं घेतलं. चला, त्यांची भूक आणि झोप सुधारतेय. इथली हवा मानवली म्हणायची.

खरेदी समितीत आज कचऱ्याच्या डब्यांची झाकणं पायाने उघडणारी असावीत की हाताने, यावर चर्चा झाली. निर्णय झाला नाही.

२ जुलै

डेलिया फुलली. आणि पूर्ण लाल फुलली. टोकाला पांढऱ्याचा ठिपकाही नाही.

सासूबाई गॅलरीत उभ्या होत्या, हात तोंडावर, डोळे भरलेले. "अहो, बघितलंत का?" म्हणाल्या. मी मागेच उभा होतो. म्हटलं, "बघितलं, आई." त्या दचकल्याच. मग पदराने डोळे पुसत हसायचा प्रयत्न केला. मला फार वाईट वाटलं. नवऱ्याची एवढीशी खूण राहिली होती, तीही गेली.

मी वाकून पानं पाहिली. शिरांच्या कडेने पिवळसर चट्टे, एक पान मुडपलेलं. गेले तीन आठवडे ही कुंडी माझ्या नाकासमोर आहे, मी रोज तिच्या शेजारी बसून चहा पितो, आणि विषाणूंवर आयुष्य घातलेल्या माणसाला ते दिसलं नव्हतं!

"आई, ही आजारी आहे," मी म्हटलं. "पांढरं टोक मी तुम्हाला परत आणून देतो."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. काहीतरी ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं, असं वाटलं. मग म्हणाल्या, "आणा. जमेल?"

जमेल का म्हणजे काय?

३ जुलै

पान घेऊन सकाळीच प्रयोगशाळेत गेलो. चाचणी केली. विषाणू सापडला, आणि भरपूर. समितीची बैठक आहे हे दुपारी आठवलं. डब्यांच्या झाकणांचं काय झालं कोण जाणे.

५ जुलै

आज सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं. त्यांचं मन रमवायचं म्हणूनच सुरू केलं, पण मलाच बोलताना उठून फेऱ्या माराव्या लागल्या.

"झाडाला आपल्यासारख्या रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी नाहीत," मी म्हणालो. "विषाणू आत शिरला की तो स्वतःच्या नकला काढायला लागतो. त्या वेळी त्याचा दुपदरी धागा तयार होतो. झाडाला दुपदरी धागा दिसला की संशय येतो. झाडाकडे एक कात्री आहे. ती त्या धाग्याचे बारीक बारीक तुकडे करते."

"आणि संपला विषाणू?"

"नाही. पण ते तुकडे फेकून देत नाहीत. एक दुसरं प्रथिन एकेक तुकडा हातात धरून फिरतं, चोराचा फोटो घेऊन पोलीस फिरतो तसं. ज्याच्याशी तुकडा जुळला त्याला जागच्या जागी कापतं. ते तुकडे शेजारच्या पेशींत, वरच्या पानांतही जातात. विषाणू पोचायच्या आधी त्याचा फोटो पोचलेला असतो."

"म्हणजे आमच्यासारखंच," सासूबाई म्हणाल्या. "फोनवर त्रास देणारा एक मेला होता. त्याचा आवाज आम्ही सगळ्याजणी ओळखायचो. हॅलो म्हणाला की लाइन कट. पण यात फुलाचं पांढरं कुठे आलं?"

हाच तर खरा प्रश्न. माझा कयास असा: पाकळीच्या टोकाशी झाड स्वतःच्याच रंगाचा निरोप, म्हणजे रंग बनवायची पेशीतली चिठ्ठी, चोर समजून कापतं. तीच कात्री, तेच पोलीस. निरोप कापला गेला, रंग तयार झाला नाही, टोक पांढरं राहिलं. आता विषाणूही काही भोळा नसतो. तो सोबत एक प्रथिन आणतो, ते हे फोटोच गोळा करून मुठीत दाबून ठेवतं. पोलीस रिकाम्या हातांनी उभे. मग विषाणू मोकळा सुटतो, आणि त्याच्याबरोबर रंगाचा निरोपही.

"म्हणजे चोर पकडायला बसवलेल्या माणसाने घरच्याच पोराला दारात अडवलं होतं," त्या म्हणाल्या, "आणि चोराने त्या माणसाला बांधून घातलं तेव्हा पोरगं घरात आलं."

हे मी उद्या जसंच्या तसं मॅडमना सांगणार आहे.

९ जुलै

मॅडमनी ऐकून घेतलं. "छान आहे. पण कयास आहे. आणि समितीच्या दोन बैठकींना तुम्ही नव्हता." मग दाराशी गेल्यावर मागून म्हणाल्या, "रोपवाटिकेतल्या दुरंगी डेलिया आणून त्यांना हाच विषाणू देऊन बघा की." म्हणजे त्यांनाही चैन पडेना.

संध्याकाळी हिच्याशी जेवताना बोललो. बरंच बोललो असेन, कारण जेवण निवलं. हीही ऐकत होती. समोरच्याच्या तोंडात अवजार न घालता त्याला एवढा वेळ बोलू देणं म्हणजे विशेषच.

१८ जुलै

आता दोन कामं आहेत. एक, रोपवाटिकेतल्या झाडांवर प्रयोग. ते माझ्या हातचं आहे. दुसरं, सासूबाईंच्या झाडातून विषाणू काढणं, आणि ते महाकठीण. विषाणूने धरलेल्या झाडाला औषध नाही. कंदातून नवं झाड आलं तरी रोग बरोबर येतो.

एकच जागा शुद्ध असते: शेंड्याचं अगदी टोक, जिथे नव्या पेशी जन्माला येतात. तिथे झाडाचा पहारा इतका कडक असतो की विषाणू बहुधा आत शिरू शकत नाही. तेवढंच टोक कापून बाटलीत जेलीवर वाढवायचं. मोठं कापलं तर विषाणू बरोबर येतो. लहान कापलं तर जगत नाही. टाचणीच्या माथ्याहूनही कितीतरी लहान.

हे काम आमच्याकडे एकच व्यक्ती करते. तिला सगळे चिमटेबाई म्हणतात, कारण ती आपला चिमटा कुणाला हात लावू देत नाही. बाटल्यांच्या खोलीत तिच्या परवानगीशिवाय शिंकायचीही बंदी. काल मी विनवण्या केल्या.

"घरगुती झाड?" ती म्हणाली. "सासूचं? उद्या सगळे आपापल्या सासवांची झाडं घेऊन येतील."

काल संध्याकाळीच हे सासूबाईंना सांगितलं. त्या भाजी निवडत राहिल्या. आज चिमटेबाईच म्हणाली, "आणा शेंडे. फोन आला होता." कोणाचा, विचारलं तर म्हणे, "फार गोड बोलतात हो." नंबर कुठून मिळवला देव जाणे. एक्स्चेंजवाली बाई.

६ ऑगस्ट

पहिल्या खेपेच्या सगळ्या बाटल्या गेल्या. निम्म्यांना बुरशी, निम्मी टोकं तपकिरी पडून मेली. चिमटेबाईने सांगितलं आणि तोंड फिरवलं. तिलाही लागलं असावं.

घरी येऊन दिवा न लावता बसलो. सासूबाई आल्या, दिवा लावला, समोर बसल्या. मी म्हणालो, "नाही जमलं, आई." वाटलं रडतील. तर म्हणाल्या, "तिच्या अंगावर अजून शेंडे आहेत ना? मग? ती काही आज मरत नाही. सवत कधी लवकर मरते का?"

हसू आलं. आणि मग दोघंही बराच वेळ हसत बसलो. हिने येऊन विचारलं काय झालं, तर सांगताच येईना.

त्यांना असं हसताना पाहून बरं वाटलं. दुःखातून बाहेर येताहेत.

२९ ऑगस्ट

दुसरी खेप. या वेळी कुंडी आधी उबदार कपाटात ठेवली होती. उष्णतेत झाडाची ती कात्री जोरात चालते, विषाणू मागे रेटला जातो. चिमटेबाई श्वास रोखून कापत होती. मी दाराबाहेर. अगदी बाळंतिणीच्या खोलीबाहेर नवरा उभा असतो तसा.

१४ सप्टेंबर

सासूबाई फोनवर, बहुधा त्यांच्या मैत्रिणीशी: "हो, सकाळी शिट्टीसुद्धा ऐकू आली!" कसली शिट्टी? कुकरची असावी. त्यांना हल्ली जरा कमी ऐकू येतं का, हिला विचारायला हवं.

३ ऑक्टोबर

रोपवाटिकेतल्या झाडांची नवी फुलं आली. विषाणू दिलेल्यांची पांढरी टोकं आक्रसत आक्रसत लाल झाली. न दिलेल्यांची पांढरीच. पांढऱ्या टोकांत रंगाच्या निरोपाचे तुकडे खच्चून भरलेले. लाल झालेल्या टोकांत ते जवळजवळ नाहीसे.

कयास खरा निघाला. मॅडमनी आकडे बघितले आणि चष्मा काढून पुसला. आमच्या विभागात यालाच टाळ्या म्हणतात.

बाटल्यांतली चार टोकं हिरवी आहेत. हिरवी! ओल्या मोहरीएवढी, पण हिरवी.

२२ नोव्हेंबर

चारांतली दोन शुद्ध निघाली. दोनांत विषाणू होता, ती टाकली. उरलेल्या दोघींना पानं आहेत, तळाशी पांढरं मूळ दिसतंय. चिमटेबाईने बाटलीवर चिठ्ठी लावलीय: "सासूबाई". मी ती तशीच राहू दिली.

१५ जानेवारी

आज एक विचित्रच गोष्ट कळली.

दोन्ही रोपं कुंड्यांत लावली, जाळीच्या खोलीत ठेवली. ती दाखवायला सासूबाईंना घेऊन गेलो होतो. परतताना मी सहज म्हणालो, "बाबांना केवढा आनंद झाला असता, पांढरं टोक परत आल्यावर."

त्या चालता चालता थांबल्या. "त्यांना? छे हो. त्यांचा जीव खात होतं ते टोक."

"म्हणजे?"

"त्यांना अख्खं लाल फूल हवं होतं. नखशिखान्त लाल. किती वर्षं घालवली, पण दर वेळी मेलं टोक पांढरं. 'यंदाही हरलो' म्हणायचे. म्हणून तर त्या दिवशी..."

मी रस्त्यातच उभा राहिलो. म्हणजे ते 'अहो, बघितलंत का' मला नव्हतंच. सासऱ्यांनी जन्मभर मागितलेलं फूल त्यांच्यामागे आलं होतं, आणि मी ते घालवायला निघालो!

"मला सांगितलं का नाहीत, आई?"

"तुम्ही इतक्या तावातावाने उठलात," त्या म्हणाल्या. "कशासाठी तरी उठलात. आणि मला विचारलंत तर मला पांढरंच आवडायचं. त्यावरून आमचं कायम वाजायचं. मी म्हणायची, लाल तर कुणीही होईल, पांढरं टोक बघून मी तिला ओळखते."

घरी आल्यावर जीव रमेना. हिला सांगितलं. ही म्हणाली, "मला माहीत होतं." या घरात मला सोडून सगळ्यांना सगळं माहीत असतं.

२ फेब्रुवारी

जुन्या कुंडीचं काय करायचं, हा प्रश्न होताच. ती विषाणूने भरलेली आहे. तिच्यावरचा एखादा किडा उडून नव्या रोपांवर बसला तर सगळं मुसळ केरात. जाळायला हवी. पण आता कुठल्या तोंडाने सांगू? नखशिखान्त लाल फुलणारी सासऱ्यांची तेवढी एकच.

सासूबाईंनीच विषय काढला. "तिची पानं बघितलीत? यंदा फूल मुठीएवढंही आलं नाही."

"दर वर्षी आणखी खंगत जाईल," मी खरं तेच सांगितलं.

त्या कुंडीपाशी बसल्या. एक मुडपलेलं पान बोटांनी सरळ करून पाहिलं, ते पुन्हा मुडपलं. "म्हणजे हे लाल काही तिचं नव्हे. आजाराचं आहे. त्यांना कळलं असतं तर त्यांनीच उपटली असती. झाडाला त्रास झालेला खपायचा नाही त्यांना. मला ताप आला तर कळायचं नाही, तिचं पान पिवळं पडलं की जेवण सुटायचं." मग माझ्याकडे न बघता, "मी उपटते. तुम्ही मध्ये हात घालू नका."

मुळासकट उपटली. कंदांची माती झटकली, जुन्या चादरीत नीट गुंडाळली. प्रयोगशाळेच्या भट्टीपर्यंत मांडीवर घेऊन बसल्या होत्या. भट्टीवाल्याने गाठोडं मागितलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "जा बाई. खूप छळलंस, पण सोबत केलीस."

परत येताना मी त्यांना हसवायचा प्रयत्न केला नाही. बहुधा पहिल्यांदाच बरोबर केलं.

१९ फेब्रुवारी

सासूबाईंना दाताचं काही निमित्त करून ही दुपारी दवाखान्यात घेऊन गेली. दोघी उशिरा, आइस्क्रीम खाऊन आल्या. दातांच्या डॉक्टरला शोभतं का हे?

११ मे

मोठ्या रोपाला फूल आलं. टोक पांढरं!

जाळीच्या खोलीत आम्ही सगळे दाटीवाटीने उभे होतो. सासूबाई, ही, मॅडम, आणि चिमटेबाई, जी आपण फक्त तापमान बघायला आल्याचं सांगत होती. सासूबाईंनी फुलाभोवती एक फेरी मारली, चारही बाजूंनी पाहिलं, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "जिंकले मी. ऐकताय ना? मी जिंकले."

हिने आईचा हात धरला. मीही तापमान बघायला गेलो. तिथे चिमटेबाई आधीच नाक पुसत उभी होती.

२७ मे

घोटाळा. त्याच झाडावर दुसरं फूल उमललं ते अख्खं लाल. पहिल्या पाकळीपासून शेवटच्या पाकळीपर्यंत.

विषाणू परत आला! पान, देठ, पाकळी, सगळं घेऊन धावत गेलो. चाचणी केली. नाही. पुन्हा केली. नाही. चिमटेबाईकडून वेगळी करवली, कारण स्वतःवर विश्वास राहिला नव्हता. विषाणूचा मागमूस नाही.

म्हणजे निरोगी झाडही कधीकधी आपली कात्री आपणहून खाली ठेवतं. कुणी हात न बांधता. का? त्याच झाडावर एक फूल असं आणि एक तसं का? कुणालाच नीट माहीत नाही. मी मॅडमच्या खोलीत जाऊन हे सांगत होतो, आणि मध्येच लक्षात आलं की मी टेबलावर बसलोय. मॅडम म्हणाल्या, "खरेदी समितीला मी दुसरा माणूस शोधते. उतरा आता."

सासूबाईंना नेऊन दाखवलं. त्या बराच वेळ दोन फुलांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. "आजारी नाही ना नक्की?"

"ठणठणीत आहे."

"मग ठीक," त्या म्हणाल्या. "हे त्यांचं असू दे."

८ जून

सकाळी सासूबाई आपली बॅग खाली काढत होत्या. ही शेजारी उभी. सासूबाई तिला म्हणत होत्या, "आता इथे माझं काय काम? सगळं छान चाललंय. मी मोकळी."

मी आत गेलो आणि सरळ बॅग परत वर ठेवली. म्हटलं, "आई, तिकडे एकट्या जाऊन काय करणार? आता कुठे तुम्ही सावरलाय. मी तुम्हाला अशी सोडणार नाही. त्या लाल फुलाचं काम आता सुरू होतंय, रोज संध्याकाळी कुणाला तरी समजावून सांगायला हवं, नाहीतर माझं मलाच कळत नाही. आणि चिमटेबाईला फोन कोण करणार?"

त्या हिच्याकडे बघायला लागल्या. ही खिडकीबाहेर बघायला लागली, खांदे हलत होते. रडत होती की काय कोण जाणे.

"राहते हो, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही एवढं म्हणताय तर."

संध्याकाळी चहा घेताना हिला म्हटलं, वर्षभर जरा लक्ष दिलं तर माणूस किती बदलतं बघ. आल्या तेव्हा काय होत्या, आता काय आहेत. ही म्हणाली, "खरंय रे." आणि कधी नव्हे ती माझ्या कपाळावरचे केस मागे सारून, माझा कप स्वतः उचलून आत घेऊन गेली.